बगळा आणि खंड्या

हवालदारमामा पिस्तूल शिकवायचे ते पक्ष्यांच्या नावानं. सापगावचे भातशेतीवाले, पोलिसातून निवृत्त झालेले. शहापुरात पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा हौशी मंडळींकडून छर्ऱ्याच्या पिस्तुलावर नेम घोटून घ्यायचे. सावकाश फेरी असली की, "खाचरातला बगळा हो. तो एका पायावर, तू एका हातावर. मन नाय लागलं तं हात खाली घे, परत उचल." झटपट फेरीला, "आता खंड्या! मासा दिसला की सूर मार."

पहिल्याच दिवशी मी सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखं पिस्तूल दोन्ही हातांत धरलं. मामांनी माझा डावा हात खिशात कोंबला. "देवाला निवद दाखवतो का रे? दोन हात पोलिसात. तितं समोरचा पन हत्यार घेऊन असतो. हितं नुसता कागद हाय."

बगळा मला लवकर जमला. आळस अंगचाच होता. पण क्लबच्या स्पर्धेत झटपट फेरी आली. मामा दोरी ओढणार, निशाणाचा पुठ्ठा क्षणभर तोंड दाखवणार, तेवढ्यात एक छर्रा. मी श्वास रोखला, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मधोमध आणली, स्वतःवर खूश झालो... पुठ्ठा केव्हाच पाठ करून उभा. दर वेळी तेच. शेवटी मामा ओरडले, "बगळ्या, मासा नाशकाला पोचला रे!" तेव्हापासून माझं नाव तेच.

पुढे मामांचा उजवा हात थरथरायला लागला. बशीत चहा सांडला की आम्ही पत्र्याकडे बघायचो. ते शिकवत राहिले, पण पिस्तुलाला हात लावेनात. आपला नेम गेला, हे पोरांना दिसू नये, एवढंच जपत होते.

गेल्या भातकापणीनंतर एका सकाळी शेडमध्ये मी एकटाच होतो. मामा आले. म्हणाले, "भर." एका हातानं पिस्तूल उचललं, नळी लोंबीसारखी हलत होती. खाली घेतलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. वाकल्यावर कळलं, पायात चपला होत्या.

"वर बघ, बगळ्या." मामांनी डावा हात उजव्याखाली लावला. "स्पर्धा सरली. आता निवदच."

थरथर थांबली नाही. मामा तिच्याशी भांडले नाहीत. "हलतो तं हलू दे," पुटपुटत त्यांनी चाप सावकाश दाबत नेला. काळ्या गोलाच्या कडेला भोक पडलं.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "लागला?"

"लागला, मामा."

"झालं तं."

होळीआधी मामा गेले. दहाव्याला कावळ्याचं पान नदीवर न्यायला मामींनी माझ्याकडे दिलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं, तरी हलत होतं. हलू दिलं.