अक्षराचा आकार

गोंदियातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दोन आणि इन्व्हर्टर एक. आम्ही राईस मिलवाल्यांसाठी धरमकाट्याचं सॉफ्टवेअर लिहायचो. धानाचा ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, ओलाव्याची कपात करायची, पावती काढायची. लिहिणारे दोघंच. एक मी, आणि दुसरी मुर्रीहून सायकलने येणारी, माझ्यापेक्षा बरीच लहान आणि तोंडाने फटकळ अशी सहकारी. लाईन गेली, आणि त्या वर्षांत ती रोज जायची, की इन्व्हर्टरवर एकच मशीन चालायचं. मग एकाच कीबोर्डवर दोघांचा संसार.

कोड लिहायच्या एडिटरात ज्याची त्याची आवड असते. तिला काळ्या स्क्रीनवर बारीक अक्षरं लागायची, म्हणजे एका नजरेत सगळं पान दिसतं म्हणे. मला पिवळट पार्श्वभूमी, जाड ठसा, जाड कर्सर. ओळींचे नंबर बंद, लांब ओळ खाली मोडलेली. आणि अक्षर मोठं, दर काही महिन्यांनी आणखी मोठं. हे सगळं मेनूत शिरून लावावं लागायचं, आणि त्या एडिटरची खोड अशी की नीट बंद केलं तरच त्याला सेटिंग आठवायचं. लाईन काही सांगून जात नाही. इन्व्हर्टर उचलेपर्यंत मशीन बसायचं, आणि सुरू झालं की पहिले पाढे पंचावन्न. मी पुन्हा स्क्रीनला नाक लावून मेनूत शिरायचो. त्या वर्षांत मी इतका थकलेला असायचो की संध्याकाळी बायकोने वाढलेलं ताट बघूनसुद्धा वाटायचं, आता हे जेवायचं पण का?

"काय जी भाऊ, कोड लिहून राहिले का दुकानाचा बोर्ड रंगवून राहिले?" ती हसायची.

मी म्हणायचो, चाळिशी लागली. खरं ते नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं की डोळ्याचा पडदाच खराब होत चाललाय, चष्म्याचा उपयोग नाही. हे बायकोशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या सेठला कळलं असतं तर त्याने दुसरा माणूस बघितला असता, याची मला खात्री होती. आणि ज्याला दिसत नाही असा प्रोग्रामर या गावात कोण ठेवून घेणार? म्हणून मी लपवत होतो, आणि लपवण्याचंच काम कोडपेक्षा जास्त झालं होतं.

पान जितकं मोकळं तितकं मला बरं. म्हणून माझ्या मशीनवर मी कॉमेंटचा रंग अगदी फिका करून टाकला होता. कॉमेंट म्हणजे मशीनने न वाचायची, माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळ. एखादी चालू ओळ थोडा वेळ बंद ठेवायची असली तर तिलाही कॉमेंटच करतात. धानाचा सीझन भरात असताना तिने तपासणीसाठी कपातीची ओळ अशी बंद केली, वर लिहून ठेवलं की देण्याआधी ही चालू करा, आणि ती तिरोड्याला लग्नाला गेली. मी उरलेलं काम संपवलं आणि सीडी मिलवर पाठवून दिली.

ती परत आली त्या दिवशी मिलचा मुनीम फोनवर ओरडत होता. ओला धान कपातीशिवाय तोलला जात होता. सेठ आमच्यावर ओरडला आणि मी तिच्यावर.

"निदान सांगून तरी जायचं!"

"लिवून ठेवलं होतं ना जी!" तिने तिच्या मशीनवर फाईल उघडली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे काय हाय मंग?"

मी वाकून बघितलं. मला बोट दिसत होतं.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी आणखी खाली वाकलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "भाऊ, तुमाले दिसून नाही राहिलं का?"

मला तिचा भयंकर राग आला. पण राग धरून ठेवायलाही जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"मंग इतके दिवस कायले लपवलं? सेठले तुमी सांगता का मी सांगू?"

मी आत गेलो आणि सांगितलं. सेठ बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसला. मग म्हणाला, "तो फिर काम कौन करेगा?" मी म्हटलं, सगळा कोड माझ्या डोक्यात आहे, मी सांगेन, ती टाइप करेल. "देखते हैं," तो म्हणाला. त्याने हो म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

बाहेर आलो तर तिने माझी खुर्ची ओढून आपल्या मशीनपाशी लावली होती. कपातीची ओळ चालू करून झाली होती. मी बसलो.

"अक्षरं मोठी करून देऊ का जी?" तिने विचारलं. तिचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"राहू दे," मी म्हणालो. "तुला दिसतात तेवढीच ठेव. तू वाच."