जुळ्यांचे दिवे

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे, आणि आजूबाजूच्या जीन्सवाल्यांसाठी पँटींचे फोटो, असं काम चालायचं. डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते. मीही एक घेतला, आणि त्याच्यामुळेच वांगणीच्या एका फार्महाउसचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं.

फार्महाउसचा मालक जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. युरोपात कुठल्यातरी मिशनरी मठाचं घर बंद पडलं, तिथलं सामान त्यानं लिलावात उचललं होतं. इंग्रजांच्या राज्यात आफ्रिकेत गेलेल्या पाद्र्यांनी गोळा केलेले मुखवटे, ढोल, लाकडी बाहुल्या, लहान मुलांच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा. सगळं हॉलच्या भिंतींवर टांगलेलं. एका मुखवट्याच्या तोंडात कुणीतरी अर्धी सिगारेट खोचून ठेवली होती. ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"पाद्र्यांनी आणलेला माल आहे, अस्सल," तो म्हणाला. "भुताखेतांचे देव हो. तिथल्या लोकांनी ख्रिश्चन होताना आपणहून आणून दिले."

हे 'आपणहून' मला घरातूनच चांगलं माहीत होतं. बौद्ध धर्म घेतल्यावर आजोबांनी देवघरातले देवांचे टाक टोपलीत भरले आणि स्वतःच्या हातानं वाहत्या नदीत सोडले. वडील तेव्हा त्यांच्यासोबत होते. तीरावर कुणी गोणपाट पसरून बसलं नव्हतं, पाण्यातून काढून विकायलाही कुणी थांबलं नव्हतं. त्यामुळे त्या माणसाचं बोलणं मला खटकलं, पण मी काम करत राहिलो.

सोफ्याच्या दोन बाजूंना दोन टेबललॅम्प होते. वीतभर उंचीच्या सारख्याच दोन लाकडी मूर्ती. डोक्यातून भोक पाडून वायर काढलेली, वर गुलाबी कापडाची छत्री. चेहरे इतके झिजलेले, की नाक-डोळे जेमतेम ओळखू यायचे. एकाच्या तळपायावर पांढऱ्या रंगानं आकडा टाकलेला, गुरांना डाग देतात तसा. मालकानं बटण दाबलं. दोघांच्या डोक्यावर उजेड पडला. मी एक फोटो तसाच घेतला, एक छत्र्या काढून.

स्टुडिओत इंकजेटवर प्रिंट काढून शाई वाळायला दोरीला लावल्या होत्या, तेव्हा तो आला. नायजेरियाचा व्यापारी. आमच्या भागात जीन्स घ्यायला वर्षातून दोनदा यायचा, कागदपत्रांसाठी फोटो माझ्याकडेच काढायचा. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. उंच, हसरा, कडक इस्त्रीचा माणूस. दर रविवारी न चुकता चर्चला जायचा. छत्र्या काढलेली ती प्रिंट त्यानं दोरीवरून उतरवली आणि खुर्चीत बसला.

प्रिंट त्यानं उजेडाकडे धरली. मग हळूहळू सांगायला लागला. त्याच्या मुलखात जुळी फार होतात. जुळ्यातलं एखादं मूल गेलं, की आई त्याच्या नावाची मूर्ती करवून घेते. तिला रोज आंघोळ घालते, घास भरवते, जिवंत मुलाबरोबर झोपवते. दोन्ही गेली तर दोन मूर्ती. त्याच्या आजीच्या आईकडेही अशी जोडी होती. बाप्तिस्म्याच्या आधी पाद्र्यानं ती मागून घेतली. सैतानाची वस्तू आहे, जाळून टाकतो, म्हणाला.

"आमच्या घरात सगळ्यांना तेच माहीत आहे, भाई," तो म्हणाला. "जाळलं."

हीच ती जोडी असं त्याचं म्हणणं नव्हतं. अशा शेकडो असतील, तो म्हणाला. पण त्याला बघायची होती. मी मालकाला फोन केला. मालक खूश झाला. "जरूर आणा," म्हणाला, "मुखवटा हातात देऊन त्याचा एक फोटो काढू. अस्सल आफ्रिकन माणूस, अजून काय पाहिजे?"

हे मी त्याला सांगितलं नाही, पण आम्ही वांगणीला गेल्यावर मालकानं स्वतःच सांगितलं. मुखवटा त्याच्यापुढे धरलाही. त्यानं हात मागे घेतले आणि सरळ सोफ्याकडे गेला. आधी वायरींच्या पिना काढल्या. मग एक मूर्ती उचलून तिच्या चेहऱ्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"नाक कशानं गेलं माहीत आहे?" त्यानं मला विचारलं. "आईनं रोज तोंड धुतलं म्हणून."

मी ते मालकाला मराठीत सांगितलं. तो क्षणभर विचारात पडला. मला वाटलं, लाजला असेल.

"मग तर व्हॅल्यू वाढली की," तो म्हणाला. "ही स्टोरी इंग्लिशमध्ये लिहून द्यायला सांगा ना त्याला."

टेबलावर मटण वाढलेलं होतं. आम्ही दोघंही न जेवता निघालो. मूर्ती द्याल का, असं त्यानं गेटपाशी एकदा विचारलं. मालक म्हणाला, इंटिरियर करणारीनं सोफ्याच्या मापानं जोडी बसवली आहे, हलवता येणार नाही.

वांगणीच्या रस्त्यानं चालताना मी त्याला आजोबांच्या टाकांचं सांगितलं. त्यानं थांबून विचारलं, "स्वतःच्या हातानं सोडले?" मी हो म्हटलं.

छत्र्या नसलेली प्रिंट मी त्याला दिली. पुढच्या खेपेला आला तेव्हा सांगत होता, त्याची आई पक्की चर्चवाली, पण फोटो बघून त्यालाच रागावली. म्हणाली, पोरं अशी उघडी का ठेवलीत, अंगावर कपडा घालायला कुणी नव्हतं का?

वर्षभरानं बदलापूरला दातांच्या दवाखान्यात बसलो होतो. समोर घरसजावटीचं एक मासिक पडलं होतं. चाळता चाळता मीच काढलेला फोटो समोर आला. गुलाबी छत्र्या, पेटलेले दिवे, आणि खाली लिहिलेलं, घराला द्या आदिवासी टच. शेजारची बाई वाकून म्हणाली, छान दिसतंय नाही? आम्हालाही करायचंय असं काहीतरी.

दाढ ठणकत होती, तरी मी उठलो. जिना उतरून रस्त्यावर आलो आणि गटाराच्या कडेला थुंकलो. तोंडाची कडवट चव काही जाईना.