वरच्या घराची किमची

आपली बातमी संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचवायची असेल, तर गिलरेच्या दुकानात जाऊन केस कुरळे करून घ्यावेत, असं आमच्या गल्लीत म्हणत. दक्षिण कोरियातल्या मोकपो बंदराच्या डोंगरउतारावर आमची गल्ली आहे. वरच्या मजल्यावर मी राहते, खाली गिलरेचं पर्मचं दुकान. तीन खुर्च्या, एक शेगडी आणि तिच्यावर सदैव उकळणारी भाजलेल्या जवाच्या चहाची किटली. डोक्याला औषध लावून, वर रुमाल गुंडाळून बायका तासन् तास बसतात आणि तेवढ्या वेळात गल्लीतल्या प्रत्येक घराचं दार एकदा तरी उघडलं जातं.

गिलरे बेटावरची. धाकट्या भावांच्या शाळेसाठी तिची शाळा सुटली आणि ती मोकपोत येऊन दुसऱ्याच्या दुकानात कापलेले केस झाडू लागली. पुढे तिचं स्वतःचं दुकान झालं, लग्न झालं. नवरा फेरीबोटीचं इंजिन सांभाळतो. घरी आला की न बोलता दुकानातले टॉवेल धुतो. तिच्या सासूला शेवटी काही आठवेनासं झालं होतं. तेव्हा समाजकल्याण केंद्रातली एक मुलगी घरी यायची. पहिल्याच दिवशी तिने सासूसमोर बसून विचारलं, "मी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" आमच्याकडे बाई अमक्याची आई असते, तमक्या बेटाहून आलेली असते. म्हातारीने थोडा वेळ विचार केला आणि स्वतःचं नाव सांगितलं. गिलरे कणकेच्या हातांनी दारात उभी होती. मला सांगताना म्हणाली, "मोनिका आजी, आईंचं नाव मला लग्नानंतर त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. मला हे काम शिकायचंय."

पन्नाशीत तिने बाहेरून शाळेच्या परीक्षा दिल्या. मग घरून शिकता येईल अशा विद्यापीठात समाजकार्याच्या पदवीला नाव घातलं. दुकान बंद झालं की ती संगणकापुढे बसायची. मी सिस्टरांच्या शाळेतली, त्यामुळे स्वल्पविरामाचं खातं माझ्याकडे आलं. ती निबंध घेऊन जिना चढायची. पहिला निबंध तिने अगदी बोलते तसा लिहिला होता. ‘गरजूंच्या गरजा’ या मथळ्याखाली पहिलंच वाक्य होतं, ‘आता बघा, माणसाला काय लागतं?’

"गिलरे, प्राध्यापकांना असं ‘आता बघा’ म्हणतात का?"

"मग त्यांनी बघायचं कसं?"

ते वाक्य आम्ही काढलं. मला अजून वाटतं, ठेवायला हवं होतं.

शेवटच्या वर्षी क्षेत्रकार्य होतं. केंद्रात काम करायचं, एका घरी नियमाने जायचं आणि त्या भेटींचा अहवाल द्यायचा. ते उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी नाही. गिलरेच्या पर्यवेक्षक होत्या सेरिनबाई, वय जेमतेम अठ्ठावीस. त्यांनी पहिल्याच दिवशी गिलरेला आडनावाने हाक मारून बजावलं, "प्योबाई, इथे येणाऱ्या आज्यांना ‘ताई’ म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू? कॉम्रेड? उत्तरेची हेर म्हणून पकडून नेतील मला."

सेरिनबाई हसल्या नाहीत. दुसरा नियम त्यांनी सावकाश सांगितला: घरात जे दिसेल, ऐकू येईल, ते त्या घरातच राहील. गिलरेने तसं वचन लिहून दिलं आणि दुकानात येऊन खरोखरच तोंड मिटलं. मासळीवाल्याची बायको जोंगसून खुर्चीत बसून कुरकुरायची, "अगं, मी पर्म करायला आलेय की पोलीस चौकीत? काहीतरी बोल की!"

गिलरेला जे घर मिळालं ते गल्लीच्या अगदी वर, पायऱ्या संपतात तिथलं. तिथे एक म्हातारी एकटी राहते. तिला मी बोंगनिम म्हणते. बंदराच्या बाजारात तिने खारवलेला जवळा आणि मासे विकण्यात जन्म घालवला. दर हिवाळ्यात ती किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, इतकी घालायची की अर्ध्या गल्लीला डबे जायचे. अलीकडे तिने बाहेर पडणं सोडलं होतं. कारण फक्त गिलरेला कळलं होतं: बोंगनिमचे हात थरथरत. पेल्यातलं पाणी ओठांपर्यंत पोचत नसे. कोणी आलं की ती हात गोधडीखाली घेऊन बसे.

गिलरे नेमाने जात राहिली. हळूहळू बोंगनिम दार लगेच उघडू लागली. नोव्हेंबरपर्यंत तिने गोधडीबाहेर एक हात काढला होता. गिलरेने हे मला तेव्हा सांगितलं नाही. मला दिसायचं ते एवढंच, की ती वरून उतरताना गुणगुणत यायची.

नोव्हेंबरात आमच्याकडे ‘बरी आहेस ना?’ असं कोणी विचारत नाही. ‘घातलीस का?’ एवढंच विचारतात, हिवाळ्याची किमची. एकीची राहिली असेल तर बाकीच्या जणी टब घेऊन तिच्या दारात जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. त्या दिवशी जोंगसूनच्या डोक्यात गिलरे रोल गुंडाळत होती आणि बोलणं नेहमीसारखं कोणाची झाली, कोणाची राहिली यावर आलं.

"वरच्या घराची अजून नाही झाली," गिलरे बोलून गेली. "माठ उपडेच आहेत."

माणसाचा आजार, पैसा, मुलांशी भांडण यांबद्दल बाहेर बोलायचं नाही, हे तिला पाठ होतं. किमचीही कोणाची खाजगी गोष्ट असू शकते, हे मात्र तिच्या मनाला शिवलंच नाही.

दुपारी माझ्या खिडकीखालून बायकांची वरात निघाली. टब, मिठाची पोती, तिखट, मुळे. पुढे जोंगसून, केस अजून ओले. मागून मुळ्यांची जुडी छातीशी धरून गिलरे, चेहरा फुललेला. गल्लीच्या त्या उभ्या पायऱ्या चढणं माझ्या गुडघ्यांना आता जमत नाही. मी फक्त वरचं दार उघडल्याचा आवाज ऐकला, बायकांचा गलका ऐकला आणि मग तो गलका एकदम थांबल्याचं ऐकलं.

बोंगनिमने दाराची चौकट धरली होती. तो हात सगळ्यांनी पाहिला. जोंगसूनच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हे कधीपासून?" बोंगनिमने मागे उभ्या असलेल्या गिलरेकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्याकडे कशासाठी येत होता, ते आज कळलं," ती म्हणाली आणि दार लावलं.

त्यानंतर गिलरे जितक्या वेळा वर गेली, तितक्या वेळा दार बंदच राहिलं. बोंगनिमने केंद्राकडे तक्रार केली नाही. तिने काहीच केलं नाही. अहवालाची मुदत जवळ आली.

जोंगसूनला फार वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की ती उपाय सुचवते. "लिही ना, म्हातारी आजारी पडली म्हणून भेटी थांबल्या. कोण वर चढून बघणार आहे? चार वर्षं डोळे फोडलेस, ते काय मुळ्याच्या जुडीपायी घालवणार?"

रविवारी गिलरे अहवाल घेऊन माझ्याकडे आली आणि मी वाचेपर्यंत माझ्या खिडकीतल्या कुंडीची वाळकी पानं खुडत राहिली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘त्यांच्या घरातली गोष्ट मी दुकानात सांगितली. त्यामुळे त्यांचा हात सर्वांना दिसला. भेटी माझ्यामुळे थांबल्या.’

"स्वल्पविराम?" तिने विचारलं.

"सगळे जागेवर आहेत."

"मग देऊन येते."

सेरिनबाईंनी अहवाल तिच्यासमोरच वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी दोन कप कॉफी केली आणि एक तिच्यापुढे ठेवला. क्षेत्रकार्य रद्द करावं लागेल, त्या म्हणाल्या. वसंतात दुसऱ्या केंद्रात पहिल्यापासून. म्हणजे पदवी एक वर्ष पुढे. "प्योबाई, मला हे करताना बरं वाटत नाहीये."

"बाई, तुम्ही मला पास केलं असतं तर मला तुमचीच काळजी लागली असती."

हे ती मला हसत सांगू लागली. मग तिला ते पुरं सांगता आलं नाही. मी तिचा हात धरून बसले. वर्षानुवर्षं औषधात बुडवून तिची बोटं सालपटासारखी झाली आहेत.

पुढचं मला बोंगनिमने सांगितलं, चर्चमधून येताना बसथांब्यावर. बऱ्याच महिन्यांनी ती घराबाहेर पडली होती. हात कोटाच्या खिशात.

गिलरे पुन्हा वर गेली होती. तिने दार वाजवलं नाही. बोंगनिमला खिडकीतून ती पायरीवर बसलेली दिसली. थंडी चांगलीच होती. शेवटी बोंगनिमनेच फट उघडली.

"आता काय? अहवाल अडलाय?"

"नाही ताई, अहवाल दिला. नापास झाले. आता मी कोणाची विद्यार्थिनी नाही. माफी मागायला आलेय."

"माझ्यामुळे नापास झालीस?"

"माझ्या तोंडामुळे."

"तोंड तर जन्मापासून असेल. एवढी वर्षं कोणी सांगितलं नाही तुला?"

गिलरेने मान खाली घातली. बोंगनिम मला म्हणाली, "तिची ती खाली घातलेली मान आणि गल्लीचे केस करणारीचे स्वतःचेच विस्कटलेले केस बघून मला हसू येईना आणि रागही येईना. बाजारात मीही कमी बोलले का? कोणाचा मुलगा कर्जबाजारी झालाय, हे माझ्या टोपलीवरून अर्ध्या शहराला कळायचं." शेवटी तिने गिलरेसाठी दार पूर्ण उघडलं.

"आत ये. पायरीवर बसून गारठून जाशील. कोबी आणून ठेवलाय. मीठ पसरता येत नाही, सगळं एकाच जागी पडतं."

त्या दोघींनी मिळून किमची घातली. बोंगनिम भिंतीला टेकून सांगत होती, गिलरे पानापानात मसाला भरत होती. बोंगनिमने चाखली आणि तोंड वाकडं केलं. "बेटावरच्या लोकांना मीठ महाग पडतं का गं? जवळा घाल अजून." त्या दिवसापासून ती गिलरेला तू म्हणते. हे सगळं सांगण्याआधीच थोडी किमची तिने मला पाठवली होती. कोणी घातली, ते विचारू नकोस असा निरोपही पाठवला. मी विचारलं नाही. ती कोणी घातली हे चवीवरून काही कळलं नाही, पण जवळा भरपूर होता.

दुकानात मात्र जोंगसूनच्या नजरेतून काही सुटत नाही. "तुझी किमची तर आपण मिळून घातली, त्याला झाले आठ-दहा दिवस. मग तुझी बोटं परत लाल कशी?"

"सरळ बस, नाहीतर कान भाजेल."

"अगं, पण कोणाची?"

"कान, जोंगसून, कान."

वसंतात तिने बंदरापलीकडच्या केंद्रात क्षेत्रकार्य पहिल्यापासून केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत तिला पदवी मिळाली. समारंभाचा काळा झगा तिला आखूड झाला. नवऱ्याने फोटो काढताना पहिल्यांदाच काहीतरी मोठ्याने म्हटलं: "हनुवटी वर!" सेरिनबाई फुलं घेऊन आल्या होत्या. आता गिलरे आठवड्यातले निम्मे दिवस बंदरापलीकडच्या त्याच केंद्रात काम करते आणि निम्मे दिवस पर्म. दुकानात गर्दी कमी झाली नाही. मधल्या खुर्चीत कोणी एखादी बाई हळू आवाजात काही सांगू लागली की आता बाकीच्या चहा ओतायला उठतात.

हे लिहायला मी बोंगनिमची परवानगी घेतली. ती म्हणाली, लिही, पण नाव दुसरं घाल आणि वय थोडं कमी कर. नाव बदललं आहे. वय मी मुळातच लिहिलं नाही.

काल खाली जाऊन केस कापून घेत होते. म्हटलं, एक गोष्ट तपासून घ्यावी. "गिलरे, वरच्या घरी कोबी एक रात्र मिठात ठेवला होता की दोन?"

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "कोणतं वरचं घर, आजी?" असं म्हणून तिने माझी मान अलगद दुसऱ्या बाजूला वळवली.