विहीणबाईंच्या हाडांची काळजी

चहा मिळाला का सगळ्यांना? मग एकेक घोट घ्या आणि ऐका. घरी आलेल्याला चहा न विचारणारा पुणेकर तुम्ही आजवर विनोदातच ऐकला असेल. तो आत्ता तुमच्यासमोर बसलाय! आणि मी चहा नाकारला तो कोणा विक्रेत्याला नाही हो. पोटच्या मुलीच्या होणाऱ्या सासूला!

माझी मुलगी मुग्धा तेव्हा एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. विषय काय, तर अ‍ॅडिनोसिन नावाचं आपल्याच शरीरातलं एक रसायन हाडांच्या पेशींना आणि पिट्युटरी ग्रंथीच्या पेशींना काय निरोप देतं. मी बँकेतला माणूस. शाखेत कॉम्प्युटर आले तसा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये येऊन बसलो होतो. पुढे वर्षभरात सुधा, माझी बायको, गेली. उरलो आम्ही दोघं, आणि त्यातलं एक दिवसभर पेशींच्या तैनातीत! मग संध्याकाळी बोलायचं कशाबद्दल? मी विचारायचो, "काय म्हणतायत तुझ्या पेशी?"

एका संध्याकाळी ती रंगात आली.

"असं समजा बाबा, दिवसभरात मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातं आणि पेशींच्या दारावरची बेल वाजवतं. आता पुरे, झोपा."

"मग चहा घेतला की झोप उडते ती कशी?"

"चहातलं कॅफिन त्या दारात खुर्ची टाकून बसतं. स्वतः बेल वाजवत नाही आणि दुसऱ्याला वाजवू देत नाही."

"म्हणजे आपले लेले!" मी म्हणालो. लेले आमचे शेजारी. सोसायटीच्या फाटकात त्यांची खुर्ची कायमची.

मुग्धा हसली. "तशीच दारं हाडं बांधणाऱ्या पेशींनाही असतात. अ‍ॅडिनोसिननं तिथली बेल वाजवली की बांधकाम सुरू…"

इथपर्यंत मला लख्ख आठवतं. पुढचं काहीही आठवत नाही, कारण माझीच बेल वाजली आणि मी खुर्चीत झोपलो.

पण अर्ध्या ज्ञानाची मजा अशी असते बघा, की ते स्वतःला पूर्ण समजतं. जागा झालो तेव्हा डोक्यात सिद्धान्त तयार होता. चहा दार अडवतो. दार अडलं की हाडांचं बांधकाम बंद. सुधाची शेवटची दोन वर्षं हाडांच्या दुखण्यात गेली होती. आणि तिचा चहा मी करायचो. आलं ठेचून, तिन्ही वेळा. मला स्वयंपाकघरातलं तेवढं एकच येत होतं.

मी उठलो आणि चहापत्तीचा डबा पार माळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या मागे टाकला. मुग्धाला सांगितलं, पित्त झालंय, चहा बंद. ती बिचारी प्रयोगशाळेत कॉफी पिऊन यायची, तिला काय कळणार?

चहा एकदम सोडला की डोकं ठणकतं आणि दिवसाढवळ्या झोप येते. हेही मुग्धानं त्या संध्याकाळी सांगितलं असावं. मी नव्हतो ना तिथे!

आणि अशा अवस्थेत आला तो रविवार. मुग्धाचं निखिलशी जमलं होतं. मुलगा सहा फुटी, हिंजवडीला कॉम्प्युटरवाला, स्वभावानं गरीब. वानखडे मंडळी मूळची अमरावतीची, आता पुण्याबाहेर मांजरी गावात घर बांधून राहिलेली. मोठ्या माणसांनी एकमेकांना पाहून हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. निघताना मुग्धानं मला बजावलं, "बाबा, निखिलच्या आईला पुण्यातल्या लोकांची जरा धास्तीच आहे. नीट आदरातिथ्य करा. मी आलेच." पेशींना रविवार नसतो हो! त्यांचं खाणं बदललं नाही तर मरतात. ती तिकडे गेली.

मदतीला लेले वहिनी आल्या होत्या. पोहे परतता परतता त्यांनी विचारलं, "चहाचा डबा कुठाय?"

"चहा नाही करायचा. दूध द्यायचं."

"दूध? पाहुणे लग्न ठरवायला येतायत की बारशाला?"

"वहिनी, शास्त्रीय कारण आहे."

"असेल. तुमचं घर, तुमची मुलगी. मी पोहे करून मोकळी."

पाहुणे आले. वानखडेबाई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या. ते पाहून माझा जीव कळवळला. मागून वानखडे साहेब, त्यांच्यामागे निखिल.

"बाप्पा! लिफ्ट नाही?" बाई टेकल्या. "मुग्धा कुठं हाय?"

"पेशींना खाऊ घालायला गेली आहे," मी म्हणालो.

दोघांनी निखिलकडे पाहिलं. निखिल चटकन उठला. "मी घेऊन येतो तिला." आणि मोटारसायकलवरून पसार. घरातलं एकमेव शहाणं माणूस गेलं!

पोहे झाले. वानखडे साहेबांनी तोंड पुसलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे आशेनं पाहिलं आणि म्हणाले, "पोहे झकास. आता चहा झाला का मग बोलू निवांत."

"चहा नाही मिळणार," मी प्रेमानं म्हणालो.

अहो, खरंच प्रेमानं! पण हे वाक्य पुण्यात प्रेमानं उच्चारता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

वानखडेबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "पाहुण्याले चहा नाही, अन् पेशींले जेवण!"

"राग मानू नका ताई. तुम्ही जिना चढताना मी पाहिलं. या वयात हाडं जपायला हवीत."

"कोणत्या वयात?"

"म्हणजे… आपल्या. तुमच्या हाडांना दारं आहेत."

"माह्या हाडाले दारं?"

"आणि पिट्युटरीलाही! मेंदूच्या तळाशी असते, वाटाण्याएवढी."

"भाऊ," वानखडे साहेब काकुळतीला येऊन म्हणाले, "वाटाणे पोह्यात होते. मी चहाचं विचारून राहिलो."

स्वयंपाकघरात लेले वहिनींच्या हातून झारा पडला. मी दुधाचे पेले पुढे केले. कोणी हात लावला नाही.

"आयकून होतो आम्ही पुण्याचं," वानखडेबाई आवाज न चढवता बोलू लागल्या. "पण निखिल म्हने, आई, हे लोक तसे नाहीत. मुलगी आमाले पसंत हाय, तिच्याबद्दल काही नाही. पण जिथं एक कप चहाले…"

त्या पुढे काय म्हणाल्या, मला माहीत नाही. ऐन त्या क्षणी, मुलीचं आयुष्य तराजूत असताना, मी झोपलो!

दचकून उठलो तो माझ्याच घोरण्यानं. समोर मुग्धा आणि निखिल. वानखडेबाई पर्स खांद्याला लावून उभ्या, साहेब एका पायात चप्पल घालून. निखिलचा चेहरा पांढराफटक.

"बाबा, काय झालं?"

"तुझ्या वडिलांनी पाहुण्यांच्या हाडांवर व्याख्यान दिलं," लेले वहिनी म्हणाल्या, "आणि ते स्वतःलाच कंटाळवाणं वाटून झोपले."

"आणि चहा?"

"तूच म्हणालीस ना," मी म्हणालो, "चहा दार अडवतो, मग हाडांचं बांधकाम थांबतं."

मुग्धानं कपाळावर हात मारला. "अहो बाबा, दारं एका प्रकारची नसतात! एकावर बेल वाजली की हाडं बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात, दुसऱ्यावर वाजली की पाडणाऱ्या पेशी तयार होतात. पिट्युटरीत त्याच निरोपावर काही पेशी वेगळीच रसायनं सोडतात."

"एकीकडे पाडतायत, एकीकडे बांधतायत," लेले वहिनी म्हणाल्या. "आपल्या गल्लीसारखंच की."

"आणि हे सगळं मी काचेच्या बशीत बघते! त्यावरून कपभर चहाबद्दल काही सांगता येत नाही. हे त्या दिवशी शेवटी दोनदा सांगितलं होतं मी. तुम्ही हुं हुं करत होतात."

"घोरत होतो."

वानखडे साहेबांना हसू आवरेना. बाई मात्र अजून उभ्याच होत्या. आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मग आईचं…?"

मुग्धा जवळ येऊन बसली. "नाही बाबा. आईचं दुखणं वेगळं होतं. तुमच्या चहानं काही नाही झालं."

 मग पर्स टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"ताई चहा घ्यायच्या?" वानखडेबाईंनी विचारलं.

"तिन्ही वेळा. मी करायचो. आलं घालून."

त्यांनी पदर खोचला. "निखिल, डबा काढ. भाऊ, आलं कुठं हाय तेवढं सांगा. अन् बसून राहा. फक्त झोपू नका."

मी माळ्याकडे बोट दाखवलं, आणि निखिलनं टाचाही न उचलता तिथून डबा काढला. तेवढ्यावर मी त्याला शंभर टक्के पसंत केलं. तो चहा काय झाला होता म्हणून सांगू! दुसऱ्या कपाला माझे डोळे उघडले, आणि पाहुण्यांचे चेहरे मला त्या दिवशी पहिल्यांदाच नीट दिसले. वानखडे साहेब तिसरा कप संपवून म्हणाले, "बरं, आता लग्नाचं बोलू."

लग्न झालं थाटात. सीमांतपूजनाला सगळ्या मंडपात चहा फिरत होता. माझ्यापाशी मात्र विहीणबाई स्वतः आल्या, हातात दुधाचा पेला. वर ही जाड साय! चार माणसांत मोठ्यानं म्हणाल्या, "घ्या भाऊ. या वयात हाडं जपायले पाहिजेत."

'कोणत्या वयात?' असं विचारायची माझी काय बिशाद!

तेव्हापासून मांजरीला केव्हाही जा, सगळ्यांना चहा आणि मला दूध. आता खरं सांगतो, मला साय लहानपणापासून चालत नाही. सुधा दूध न बोलता गाळून द्यायची. पण विहीणबाईंना हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मी डोळे मिटतो, गटागटा पितो, आणि चहा न मिळाल्यामुळे घटकाभरात त्यांच्याच सोफ्यावर मान टाकतो.

मग म्हणे विहीणबाई टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि आल्यागेल्याला तोंडावर बोट ठेवून सांगतात, "हळू बोला जी. भाऊची बेल वाजली."