फाटक कुणामुळे उघडलं?

नाते गावच्या महिपतला दोन गोष्टींचा भारी गर्व. एक म्हणजे त्याच्यासारखा फणस उतरवणारा पंचक्रोशीत नाही. दोरीने सोडलेला फणस जमिनीला असा टेकतो, की जणू झोपलेलं पोर पाळण्यात ठेवलं. दुसरी म्हणजे तो कधी हरत नाही. ग्रामपंचायतीला दोनदा पडला, तरी "हरलो नाय रे, मतं कमी पडली" असं सांगत गावभर हिंडला. तिसरी गोष्ट त्याची बायको चंद्रभागा सांगते, पण ती छापण्यासारखी नाही.

तर या महिपतची शेतावर जायची वाट शेजारच्या मुरादच्या आवारातून. आजोबांपासूनची. मुराद कुवेतहून कायमचा परतला, त्याने टेम्पो घेतला, आवाराला भिंत घातली, लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप ठोकलं. महिपतने तडक महाड गाठून शुभदाताई वकिलांकरवी दावा लावला. वर चहाच्या टपरीवर सगळ्यांसमक्ष शपथ घेतली, "कोर्ट मला जिंकलेला म्हणंल, तवाच त्या फाटकातून पाय टाकीन. तवर ओढ्याकडून जाईन."

तारखा पडत राहिल्या. महिपत ओढ्याकडून फिरत राहिला, पावसाळ्यात सपशेल आपटत राहिला. आणि एका वैशाखातल्या सकाळी बघतो तर फाटक सताड उघडं! चंद्रभागा डोक्यावर पाटी घेऊन खुशाल आतून निघाली.

"अवो, या की! कोण चावत नाय."

"कोर्टाचा निकाल लागू दे."

"फाटकाचा लागला ना!"

महिपत ओढ्याकडे वळला.

शुभदाताईंनीही समजावलं, "महिपतराव, मागितलंत ते मिळालं. दावा काढून घेऊ."

"आणि तुमची फी? हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा ना? मग मुरादने भरायची. तसं कोर्टाने लिहून द्यायचं."

फी आपली सांगायला. त्याला हवा होता तो 'जिंकला' म्हणणारा कागद. पण निकालाआधीच समोरच्याने माघार घेतली, तर जिंकलेला कोण म्हणायचा? इथे शुभदाताईसुद्धा पेन चावत बसल्या.

तारखेला त्या उभ्या राहिल्या. "मॅडम, दावा नसता तर फाटक उघडलंच नसतं. म्हणजे जिंकले माझे पक्षकार."

मुरादचे वकील उठले. "कोर्टाने हुकूम कुठे केला? आमच्या पक्षकाराने राजीखुशीने उघडलं. राजीखुशीने देणारा हरलेला कसा?"

न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून मुरादकडे पाहिलं. "इतके दिवस नव्हती ती राजीखुशी एकदम आली कुठून? दाव्याला घाबरलात?"

मुराद चांगलाच अडकला. हो म्हणावं तर महिपतचा खर्च बोकांडी बसणार, खरं सांगावं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. त्याने मागच्या बाकावर बसलेल्या बायकोकडे, बदरुन्निसाकडे पाहिलं. तिने 'सांगून टाका' अशी मान डोलावली.

"मॅडम, कोर्टाचा मान राखून सांगतो. कोर्टाला मी नाय भ्यालो. फणसाला भ्यालो."

"कशाला?"

"आवारात जुना फणस हाय. दरसाल हा महिपत उतरवायचा. दावा लागला आणि याने झाडाकडं बघणं सोडलं. यंदा एक पिकला फणस टेम्पोच्या काचेवर बसला. काच गेली. नवी लावली, तर दुसरा टपावर. घरात हिचा हुकूम झाला, फाटक उघडा, महिपतभाऊ आल्याबिगर सुटका नाय. म्हणून उघडलं. तरी हा बाबा येत नाय!"

"मग दुसऱ्या कोणाला बोलवायचं."

"कोण येतंय, मॅडम? म्हणत्यात, झाड महिपतचं हाय."

आमच्याकडचा रिवाजच तसा. एकाने धरलेल्या झाडाला दुसरा उतरवणारा हात लावत नाही. कोर्टात हशा पिकला, पट्टेवाल्यालाही तोंडावर हात धरावा लागला. मॅडमनी हसू आवरून निकाल सांगितला: फाटक दाव्यामुळे उघडल्याचं दिसत नाही, सबब कोणी जिंकलं नाही, ज्याचा खर्च त्याने सोसावा.

महिपतचा चेहरा उतरला. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला. चंद्रभागा मात्र गप्प बसणारी नव्हे.

"कोर्ट तर आता कधीच जिंकलेला म्हणायचं नाय. ओढ्यातच घर बांधू का?"

गावात उतरून येतात तो फाटकात बदरुन्निसा उभी. टेम्पोने आधीच पोचलेली.

"महिपतभाऊ, खरं सांगा. फाटक उघडलं कुणामुळे?"

"तुमच्यामुळं, बदरूभाभी."

"मग जिंकलं कोण?"

"तुम्हीच की."

"मग माझा खर्च? यांनी टेम्पोच्या काचेनं भरला. तुम्ही फणस उतरवून भरा. चला, काढा दोरी."

महिपत थबकला. जिंकल्याशिवाय आत जायचं नाही, अशी शपथ होती. खर्च भरायला जाण्याबद्दल शपथेत चकार शब्द नव्हता. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"भाभी, तुमच्यापुढं मानली. मुरादपुढं नाय हां!" 'हार' हा शब्द तेवढा त्याने उच्चारला नाही.

"मी कुठं मागितली?" मुराद आतून ओरडला. टेम्पो मात्र त्याने आधीच बाजूला घेतला होता.

संध्याकाळपर्यंत झाड मोकळं झालं. आपल्या वाट्याचा फणस खांद्यावर टाकून महिपत फाटकातूनच बाहेर पडला. दुसऱ्या दिवशीही शेतावर फाटकातूनच, तिसऱ्या दिवशीही.

टपरीवर एकाने डिवचलंच, "काय रे, हरलास म्हणं?"

"हरलो नाय. खर्च भरतोय."

"अरे, फणस तर कवाच उतरले. रोज रोज कसला खर्च?"

महिपतने बशीतला चहा शांतपणे फुरकला. "हप्ते पाडून दिलेत भाभीने."