पाणकराच्या नातीचा संदर्भ

तलावात गाळ साचते तसे हे किस्से साचतेत. अधूनमधून उपसले नाही तं नव्या पाण्याले जागा राहत नाही.

मी चौथी नापास. सिहोऱ्याकडच्या एका गावचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या वावरात, कवा सोडाचं ते ठरवणारा. माझी नात शीला कॉलेजात एमए करते. तिच्या सरानं नवा विषय काढला. शीला सांगे, "इंग्रजानं डोक्शात भरलं ते काढाचं, आबाजी, अन् आपलं ज्ञान शिकाचं."

मी म्हणलो, "काढा. पण ठेवाल कोठी?"

*

सर पोरं घेऊन तलावावर आले. मी बांधीत उतरून सांगून राहिलो, पाणकर डोळ्यानं नाही, पायानं पाहते. चिखल टाचेले कसा लागते, त्यावरून पाणी कवा सोडाचं ते समजते. सर वर कोरड्या पाळीवर उभे राहून वहीत लिहून राहिले.

"खाली या ना, सर."

"बूट खराब होतील, आजोबा. तुम्ही बोला, मी लिहितो."

"इंग्रज साहेब बी तेथीच उभा राहे. माझा आजा सांगे."

*

मंग कॉलेजात सेमिनार. इंग्रजाची पद्धत काहून सोडाची, यावर सर तासभर इंग्रजीत बोलले. मले म्हणे, "आजोबा, पाच मिनिटं."

मी म्हणलो, "पाच मिनिटात तं तलावाची मोरी बी उघडत नाही." नारळ तेवढा घेऊन घरी आलो. शाल टोचे.

*

शीलानं माझं सांगणं आमच्याच बोलीत लिहून प्रोजेक्ट केला. सरानं विचारलं, "संदर्भ?"

"माझे आबाजी."

"आजोबा संदर्भ नाही होत. पुस्तक दाखव, नाहीतर नापास."

पोरीनं लायब्ररी धुंडाळली. एका गोऱ्या साहेबाच्या जुन्या पुस्तकात पायाची हीच गोष्ट भेटली. साहेबानं ती आमच्याच गावच्या पाणकराले विचारून लिहिली होती. तो पाणकर माझा आजा. सर खूश झाले. "हे चालेल."

मी सरच्या घरी गेलो. "आज्यानं साहेबाले सांगतलं तं ज्ञान, अन् मी नातीले सांगतलं तं गप्पा?"

"विद्यापीठाचे नियम आहेत, आजोबा."

"कोणाचे पाहून केले?"

सरानं चहा मागवला.

*

शीलानं पुस्तकाचं नाव काही टाकलं नाही. संदर्भात मी एकटा. मी म्हणलो, "बाई, पुस्तकाचं नाव टाकून दे. वर्ष जाईल तुझं."

"जाऊ द्या." माझ्यावरच गेली आहे कार्टी.

तोंडी परीक्षेले नागपूरवरून परीक्षक आले, सरच्या बाजूले बसले. मी बाहेर बाकावर, दार उघडंच.

"हा संदर्भ तपासता येतो का?"

"येते ना, सर. बाहेर बसला आहे."

मले आत बोलावलं. परीक्षक पानं उलटत म्हणे, "पायाला कळतं म्हणता. आम्ही कसं मानायचं?"

खिडकीतून कॉलेजामागची धानाची बांधी दिसे. मी म्हणलो, "बूट काढा, साहेब."

सर खुर्चीतून अर्धे उठले. परीक्षकानं खिडकीबाहेर पाहिलं, मंग माझ्या पायाकडे. वाकून नाड्या सोडल्या.

"मोजे बी," मी म्हणलो.