तांब्यावरची वाटी

आमच्या गोलाई चौकाजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक म्हातारी राहायला आली, पण दिवसभर बसायची मात्र खाली, जिन्याच्या पायरीवर. शेजारी पालथा तांब्या, त्यावर वाटी. भूकंपानंतर आम्ही सगळेच असं ठेवायचो बघा, जमीन हलली की वाटी वाजावी म्हणून. बाकीच्यांनी कधीच सोडून दिलं, हिनं नाही.

"भूकंपानंतर आमच्या मालकानं गावाबाहेर पत्र्याचं घर बांधलं," ती एकदा सांगू लागली. "आता नातवाचे क्लास इथं, म्हून लेकानं ते विकलं अन् मला परत गावामधी आणलं."

"बरं झालं की अक्का, बाजार दारात आला," मी म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरनं ट्रक गेला. वाटी खणखणली, ती दचकून उठली, पुन्हा बसली.

"तिथं ही कधी वाजली न्हाई, बाई. लई निवांत झोप लागायची. इथं दिसभर वाजायली. खरी वाजल तवा मला कसं कळावं?"



वरून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, ती वाटी काढा हो. पोराचं वाचण्यात ध्यान लागंना."

तिनं वाटी काढली नाही, नुसता तळहात दाबून धरला. पुढचा ट्रक गेला तेव्हा वाटी गप्प राहिली. म्हातारी मात्र दचकलीच.